न बोलणारी झाडं

आमच्या अंगणातल्या कट्ट्यावर, उथळ कुंडीत वाढवलेला एक बॉटलब्रश होता. उंची जेमतेम दीड फूट, वय बारा वर्षं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला लाल तुरे आले की येणारा-जाणारा थबकायचा. एका मे महिन्यात लग्नासाठी आम्ही चार दिवस इंदूरला गेलो. परतलो तेव्हा झाड हिरवंगार होतं, एकही पान मलूल नव्हतं. मी निर्धास्त होऊन पाणी घातलं. आठवड्याभरात पानं कुरकुरीत झाली, हात लावताच गळू लागली. आम्ही परतलो त्या दिवशीच झाड गेलेलं होतं. मला ते कळलं नव्हतं, इतकंच!

बॉटलब्रश मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या अनेक झाडांची पानं जाड, कडक असतात. तहान लागली तरी ती जास्वंदीसारखी माना टाकत नाहीत. त्यामुळे झाड सुकल्याचं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जमिनीतलं झाड खोल मुळांवर तग धरतं, पण दोन इंच मातीत त्याचा काटकपणा काय कामाचा?

बोन्साय हा शब्द जपानी आणि त्यावरची बहुतेक पुस्तकं पाइन, मेपल, ज्युनिपर यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनीही सुरुवात त्याच झाडांपासून केली. पुढे आपल्याच रानातल्या झाडांकडे त्यांचं लक्ष गेलं. पोर्ट जॅक्सन फिग हा तिथला वड-पिंपळाचा भाऊबंद, कागदासारखी साल सुटणारा मेलाल्युका, टी ट्री, बँक्सिया, नीलगिरी आणि आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरूचे जातभाई, अशी सगळी मंडळी कुंडीत आली. कॅनबेरात 2008 साली बोन्सायचा राष्ट्रीय संग्रह लोकांसाठी खुला झाला. 2003 च्या वणव्यात होरपळलेल्या जमिनीवर तिथे पुढे मोठं वृक्षोद्यान उभारलं गेलं, ते 2013 साली सुरू झालं. हा संग्रह आता त्या उद्यानात आहे आणि तिथे जपानी परंपरेतल्या झाडांच्या शेजारी ही देशी झाडंही मांडलेली असतात.

या झाडांनी पुस्तकातले नियम मात्र बदलायला लावले. मेपलची कुंडी थंडी सरता सरता, नवी पालवी फुटण्याआधी बदलतात. ऑस्ट्रेलियन झाडांची मुळं छाटायची ती हवा उबदार झाल्यावर, झाड जोमात वाढत असताना. खताचंही तसंच. त्या खंडातली माती फार जुनी, पावसाने धुपून निकस झालेली. त्यात स्फुरद अगदी कमी. 1770 मध्ये जोसेफ बँक्स यांनी ज्याचे नमुने गोळा केले आणि पुढे ज्याला त्यांचंच नाव मिळालं, त्या बँक्सियाच्या मुळांना बारीक केसांसारखे दाट झुबके फुटतात. मातीतला कणभर स्फुरदही ती ओढून घेतात. अशा झाडाला आपण प्रेमाने हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेट घातलं, तर त्या मायेनेच ते मरतं.

उलट कात्रीला यातली बरीच झाडं घाबरत नाहीत. नीलगिरीच्या अनेक जातींना बुंध्याशी, मातीलगत एक गाठ असते. वणव्यात वरचं सारं जळालं तरी त्या गाठीतून नवे धुमारे येतात. म्हणून खोड बरंच खाली कापलं तरी झाड पुन्हा फुटतं. तहानेचं मात्र तसं नाही. मेलाल्युका आणि बॉटलब्रशची कुंडी तिथले लोक कडक उन्हाळ्यात पाण्याच्या परातीत ठेवतात. बाकीच्या झाडांसाठी उपाय साधा. पानांकडे पाहायचं नाही, रोज बोट मातीत घालून ओल पाहायची.

मला हे वर्गातही आठवतं. हजेरी नियमित, चेहरा हसरा, कसलीच तक्रार नाही, असा विद्यार्थी असतो. परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी तो येतच नाही. मग समजतं, घरी फीचे पैसेच नव्हते. रडणाऱ्या मुलाकडे आपलं लक्ष जातं. गप्प असलेल्याची ओल आपण होऊन पाहावी लागते.

तो वाळलेला बॉटलब्रश काही दिवस मी तसाच ठेवला होता. फांद्यांना मण्यांसारखी चिकटलेली जुनी बोंडं हळूहळू उघडली. वर्षानुवर्षं मिटून राहिलेली ही बोंडं फांदी वाळली की उघडतात. कट्ट्यावर धुळीसारखं बी पडलं. ते पसरट कुंडीत ओल्या वाळूवर भुरभुरलं, त्यातली चार रोपं जगली. आता गावाला जाताना किल्ली शेजारच्या काकूंकडे देतो आणि बजावतो, "काकू, झाड हिरवं दिसलं तरी पाणी घालाच!"