बागेतल्या उन्हाचे माप



नाशिक-सांगलीकडच्या अनेक द्राक्षबागांत आता खांबावर छोटे हवामान केंद्र दिसते. त्यात ऊन मोजणारा एक सेन्सर असतो. ऊन, तापमान, वारा व दमटपणा यांवरून बागेतून रोज किती पाणी उडून गेले, याचा हिशेब होऊन तो फोनवर येतो. पाऊसमापकाकडे आपण आवर्जून पाहतो. या लहानशा सेन्सरकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्यावर धूळ बसली की तो ऊन कमी दाखवतो आणि पाण्याचा हिशेबही कमी निघतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. हिशेब रोज अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी एकरी २,००० लिटरांची तूट येते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट वाढत असताना ही तूट वेलीला सोसावी लागते.

म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी लवकर सेन्सरचा माथा पुसावा. आधी स्वच्छ पाणी सोडून धूळ व पक्ष्यांची विष्ठा भिजू द्यावी, मग मऊ सुती फडक्याने हलकेच टिपावे. कोरडे फडके घासू नये, चरे पडतात. साबणाची पूड किंवा राख लावू नये. बोर्डो मिश्रण वा गंधक फवारल्यावर त्याच दिवशी पुसावे. वाळलेला थर सहज निघत नाही. पाणी निघून जाण्यासाठी खाच असल्यास ती मोकळी ठेवावी.

सेन्सर सपाट आहे ना, हेही पाहावे. गवंड्याच्या लेव्हल-बाटलीत असतो तसा बुडबुडा बहुधा त्याच्या बैठकीत असतो. तो मधोमध हवा. ट्रॅक्टरचा धक्का लागून खांब पूर्वेकडे कलला, तर सकाळचे ऊन जास्त आणि दुपारनंतरचे कमी दिसते.

आता दोष कसा ओळखावा? रात्री आकडा शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ हवा. उन्हाळ्यात निरभ्र दिवशी साडेबाराच्या सुमारास तो चौरस मीटरला ९०० ते १,००० वॉटच्या आसपास हवा. हिवाळ्यात कमी असतो. निरभ्र असूनही रोज एकाच वेळी आकडा खाली येत असेल, तर झाडाची, तारेची किंवा खांबाची सावली शोधा. भर दुपारी शून्य आल्यास उंदराने कुरतडलेली वायर, सैल झालेला जोड किंवा त्यावर चढलेला हिरवा गंज पाहा. रात्रंदिवस एकच आकडा राहिल्यास बॅटरी व जोडणी तपासा. पांढरे ढग सूर्याच्या कडेला असताना आकडा क्षणभर हजाराच्या वर गेला, तर तो दोष नव्हे. ढगावरून परतलेला उजेडही त्यात मिळतो.

हे सारे ठीक असूनही आकडा दर महिन्याला घसरत असेल, तर सेन्सर स्वतः उघडू नका. माहिती-पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे दोन वर्षांनी, कंपनीकडून माप पडताळून घ्यावे.

घरात एक वही ठेवावी. सेन्सर पुसल्याची तारीख आणि निरभ्र दिवसाचा दुपारचा आकडा मुलांकडून लिहून घ्यावा. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की सेन्सर कुठे मागे पडला ते लगेच दिसते. आणि आकडा काहीही सांगो, ठिबकची तोटी उघडण्यापूर्वी मुळाजवळची मूठभर माती हातात घेऊन पाहायला विसरू नका.