गाणाऱ्या घरांतील मुकें यंत्र

अलीकडे आपल्या भागांतील पुष्कळ घरांतून गाणें मुद्रित करण्याची हौस दिसूं लागली आहे. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांस जी वस्ती वाढली आहे, तींत हार्मोनियम शिकणारीं मुलें आहेत, तबल्याच्या परीक्षेस बसणारीं आहेत, गिटार घेऊन स्वतःच चाली बांधणारींहि आहेत. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे अशीं मुलें वडिलांपाशीं संगणकाचा हट्ट धरितात, आणि वडील दुकानदाराच्या शब्दावर विसंबून, जें महाग तेंच चांगलें असें मानून, खरेदी करून मोकळे होतात. या खरेदीविषयीं आमचें मत निराळें आहे. ज्या घरांत गाणें मुद्रित करावयाचें आहे, तेथें यंत्राची ताकद ही दुय्यम गोष्ट होय; यंत्राचें मौन आणि मुद्रणाची दुसरी प्रत यांवर पैसा आधीं खर्च झाला पाहिजे.

१९३१ सालच्या मार्च महिन्यांत मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट लागला. अर्देशिर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट मायक्रोफोनांत शिरत असे, म्हणून बरेंचसें चित्रण रात्रीं गाड्या थांबल्यावर करावें लागलें. एवढ्या कष्टानें मिळविलेल्या त्या बोलपटाची आज एकहि प्रत उपलब्ध नाहीं. शांततेसाठीं रात्री जागविल्या गेल्या, प्रत मात्र राखली गेली नाहीं.

आपल्या गांवांची स्थिति त्या स्टुडिओहून फारशी वेगळी नव्हे. कल्याण-कर्जत मार्गावरील लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या, उल्हासनगरच्या गल्ल्यांतील शिलाईयंत्रें, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, हें सर्व आहेच. पण गाडी निघून जाते, पाऊस उघडतो. तेवढी वाट पाहतां येते. संगणकाचा पंखा मात्र गाणें चालूं असेपर्यंत खोलींतच घुमत राहतो. आपले कान त्याला सरावतात. मायक्रोफोनास ही सवय नसते. तो आवाज मागाहून सॉफ्टवेअरनें पुसतां येतो, असें मुलें सांगतील. येतो खरा, परंतु तंबोऱ्याची आस आणि पंख्याची घरघर या दोन्ही अखंड वाहणाऱ्या असल्यामुळें एक पुसतांना दुसरीहि झिजते, आणि गाणाऱ्याचा गळा पाण्याखालून आल्यासारखा ऐकूं येतो.

पंखा ओरडतो तो उष्णतेमुळें. गाण्याच्या मुद्रणास वेगळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. तें खेळांसाठीं व चित्रफितींच्या कामासाठीं असतें, आणि यंत्रांतील सर्वांत तापट वस्तु बहुधा तीच असते. तें टाळलें कीं बराचसा गोंगाट व पुष्कळ पैसा वांचतो. प्रोसेसर ६५ वॅटचा, शक्य तर ३५ वॅटचा, चित्र दाखविण्याची सोय अंगींच असलेला घ्यावा. रॅम १६ जी.बी. पुरे. पंखे १२० किंवा १४० मिलिमीटरचे, सावकाश फिरणारे असावे. मोठा पंखा तितकीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो. पंखाच नसलेलीं यंत्रेंहि मिळतात, व थंड गांवीं तीं उत्तमच. पण एप्रिल-मे महिन्यांत बदलापुरास पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि मुद्रणाच्या वेळीं छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. अशा भट्टींत बिनपंख्याचें यंत्र आपली गति आपणच मंद करून घेतें. म्हणून आमची पसंती मोठ्या, संथ पंख्यास. आवाज लपविण्यासाठीं यंत्र कपाटांत कोंडूं नये. कोंडलेलें यंत्र अधिक तापतें व अधिक ओरडतें. तें टेबलाखालीं, रबरी पायांवर, मायक्रोफोनाच्या पाठीमागें ठेवावें, आणि गाणाऱ्यामागें एक जाड रजई टांगावी. राहिले कॅबिनेटमधील रंगीत दिवे. त्यांनीं कोणाचा सूर सुधारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाइल आहे ना? एकट्या गळ्यासाठीं तो खरोखरच वाईट नाहीं. बहुतेक मोबाइलांत पंखाच नसतो. ज्यांना संगणक परवडत नाहीं त्यांनीं खुशाल त्यावरच आरंभ करावा, पण आरंभ लवकर करावा. १९४७ सालीं सिंध सोडून कल्याणच्या छावणींत ज्या मुली आल्या, त्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें आणि त्या मुली आज ऐंशीच्या पलीकडे गेल्या आहेत. लग्नाचे लाडे त्यांच्या तोंडीं जसे आहेत तसे नातींच्या तोंडीं नाहींत. अंबरनाथ-बदलापूरकडील आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणींचेंहि तेंच. या बायकांचें गाणें पुन्हां मुद्रित करूं असें म्हणण्यास पुढें अवसर राहणार नाहीं.

साठवणुकीचा हिशेब शाळकरी मुलासहि करतां येईल. सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा म्हणजे ३ बाइटांचा. एका मायक्रोफोनाचें एक तासाचें गाणें सुमारें ५१८ एम.बी. भरतें. १ टी.बी.च्या डिस्कवर असे सुमारें १,९०० तास मावतात. तेव्हां एकच अवाढव्य डिस्क घेण्याऐवजीं मध्यम आकाराच्या दोन-तीन घ्याव्या. यंत्राच्या आंत एस.एस.डी. असावी, तिच्यांत फिरणारें कांहीं नसतें, म्हणून आवाजहि नसतो. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि तिची थरथर टेबलामार्फत मायक्रोफोनापर्यंत पोंचते. तथापि तिला हद्दपार करूं नये. गाणें संपल्यावर ती बाहेरून जोडावी, प्रत घ्यावी व काढून ठेवावी. एस.एस.डी. वर्षानुवर्षें विजेविना पडून राहिल्यास तिच्यांतील मजकूर नाहींसा होण्याचा संभव असतो. त्या कामीं हार्ड डिस्कच बरी. चालूं मुद्रण वीज गेल्यामुळें तुटूं नये यासाठीं एक लहान यू.पी.एस. घ्यावा, मात्र त्याची गुणगुण आधीं दुकानांतच ऐकून पाहावी.

एकाच घरांतील दोन प्रती या खऱ्या दोन प्रती नव्हेत. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीनें काय केलें, हें बदलापूरकरांस सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंची सुटका करावी लागली. ज्या पाण्यापुढें आगगाडी थांबते, त्यापुढें तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणांतील डिस्क ती काय टिकणार? बदलापूरच्या घरची दुसरी डिस्क अंबरनाथच्या मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर, दमट हवेपासून वांचविणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह डब्यांत असावी. दरवर्षीं दिवाळीच्या सुट्टींत ती आणून, जोडून, दोन-चार गाणीं ऐकून पाहावीं व वर्षभरांतील नवीं तींत भरावीं. आणि प्रत्येक फाइलीच्या नांवांत गाणारीचें नांव, गांव व तारीख लिहावी. नुसत्या ‘रेकॉर्डिंग ७’ मध्यें कोणाची आजी गात आहे, हें वीस वर्षांनीं त्या घरांतहि कोणास सांगतां येणार नाहीं.