सफाईचा सोस

“चित्रपट पडला तो उगीच नव्हे,” असें म्हणणाऱ्या शहाण्यांची आपल्याकडे कधींच वाण नव्हती. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ सालीं साफ पडला. पुढच्याच वर्षीं त्यांच्याच संस्थेच्या ‘चौदहवीं का चाँद’नें धो धो पैसा ओढला. गुरुदत्त आणि वहीदा रेहमान हीच जोडी दोहोंत. यावरून अद्यापिही कित्येक सुशिक्षित मंडळी असा सिद्धान्त काढतात कीं, प्रेक्षकांनीं न्याय केला. पहिला चित्रपट रडका व विस्कळित, दुसरा बांधेसूद व गोड. आमच्या मतें हा न्याय नव्हे, आळस आहे.

‘चौदहवीं का चाँद’ बांधेसूद आहे, हें कोण नाकारतो? एम. सादिक यांचें दिग्दर्शन, लखनौचा नबाबी थाट, शकील बदायुनींचीं गीतें, रवि यांच्या चाली; सारें कसें जेथल्या तेथें. पण कथेचा कणा कोणता? तर बुरख्यामुळें झालेला घोटाळा. मित्राचा जीव जिच्यावर जडला ती आपलीच पत्नी, हें कळतांच अस्लम तिला आपल्यापासून तोडूं पाहतो. जमीलाला काय वाटतें, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं! प्रश्न खरोखर भयंकर. पण तो अंगावर येतो न येतो तोंच नबाब हिरा गिळून मरतो आणि प्रेक्षक डोळे पुसून निश्चिंत मनानें घरीं जातो.

‘कागज के फूल’चे दोष आम्ही झांकीत नाहीं. दिग्दर्शक सुरेश सिन्हाचें स्वतःची कींव करीत बसणें अखेरीस असह्य होतें; सासुरवाडीचीं माणसें निव्वळ व्यंगचित्रें; जॉनी वॉकरचा विनोद तर ठिगळासारखा. (तीं दृश्यें कोणीं कापलीं तर आम्ही तक्रार करणार नाहीं.) परंतु ओसाड स्टुडिओंत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत आठवा. व्ही. के. मूर्तींनीं आरशांच्या साह्यानें सूर्यप्रकाश आंत वळवून तो साधला. गीता दत्तांचा स्वर ऐकूं येतो, ओठ कोणाचेच हलत नाहींत. दोघें दूर उभीं आहेत आणि त्यांच्या छायाकृति तेवढ्या देहांतून निघून एकमेकींकडे जातात. सिनेमास्कोपचा रुंद पडदा आपल्याकडे प्रथम आला तो याच चित्रपटांत. आणि गुरुदत्तांनीं तो देखाव्यांनीं न भरतां दोन माणसांमधील अंतर दाखविण्यासाठीं वापरला. पुढें पम्मीच्या शब्दाखातर शांति चित्रसृष्टि सोडून खेड्यांत शिक्षिका होते. येथेंही त्यागच आहे. पण त्यानें कोणाचेंच भलें होत नाहीं, आणि तसें सांगण्यास हा चित्रपट कचरत नाहीं. तिकिटाचे पैसे मोजून हें ऐकावयास कोणाला आवडेल?

आतां रसिक या चित्रपटापुढें माना डोलावतात. गुरुदत्त मात्र १९६४ सालीं, अवघे ३९ वर्षांचे असतांना वारले. ‘कागज के फूल’नंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनीं पडद्यावर आपलें नांव पुन्हां लाविलें नाहीं.