अर्ध्या किमतीतला इन्व्हर्टर

गच्चीवर सौर पॅनेल बसवायची असे घरात ठरले की ओळखीतला कोणीतरी हमखास सुचवतो : पॅनेल नवी घ्या, इन्व्हर्टर मात्र जुना बघा, अर्ध्या किमतीत मिळून जाईल. सल्ला देणारा माणूस बहुधा हिशेबी असतो, स्वतःच्या हाताने चार गोष्टी दुरुस्त करणारा असतो, आणि त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नसते. म्हणून आधी तेच नीट मांडतो.

तो म्हणतो, कारखाने आणि हॉटेले आपली सौर यंत्रणा वाढवतात तेव्हा चालू स्थितीतले इन्व्हर्टर उतरवून ठेवतात. ते भंगारात फोडण्यापेक्षा कुणाच्या घरी चालले तर बिघडले काय? इलेक्ट्रॉनिक कचरा तेवढाच कमी. शिवाय आपल्या घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर पंधरा-पंधरा वर्षे टिकलेला आपण पाहिला आहे. आणि जुनी मोटारसायकल आपण घेतोच की, मग याचीच भीती का?

मोटारसायकलपासूनच सुरुवात करू. जुनी गाडी घेताना माणूस किक मारतो, इंजिनचा आवाज ऐकतो, एक चक्कर मारून येतो. ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडून चालणाऱ्या इन्व्हर्टरची अशी चक्कर मारता येत नाही. त्याला एका बाजूने दोन-तीनशे व्होल्ट डीसी आणि दुसऱ्या बाजूने चालू ग्रिड लागते. पॅनेलची स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली माळ, लावल्याशिवाय बहुतेक यंत्रांचा पडदासुद्धा उजळत नाही. विकणाऱ्याच्या गाळ्यात अशी स्ट्रिंग कुठून असणार? तो झाकण पुसून देतो, स्टिकर दाखवतो आणि ‘चालू कंडिशन’ म्हणतो. तो खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही. बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसते.

बॅटरीच्या इन्व्हर्टरचा अनुभव इथे लावणे ही तर सरळ गल्लत आहे. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी आलेला तो जड डबा वेगळा. त्यात तांब्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर, खाली १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी. तालुक्याच्या गावातला कुठलाही चांगला मेकॅनिक तो उघडतो, जळलेले मॉस्फेट बदलतो, परत लावतो. गच्चीवरच्या पॅनेलचा इन्व्हर्टर वजनाला हलका आणि आतून दाट असतो. तो पॅनेलची वीज क्षणाक्षणाला मोजत राहतो, ग्रिडच्या ५० हर्ट्झशी ताल जुळवतो, आणि ग्रिड गेले की दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घेतो. त्याचा बोर्ड हाताळणारा माणूस तालुक्याला सोडाच, जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावा लागतो.

आता या यंत्राचे वय कुठे लपते ते बघा. आत हाताच्या अंगठ्याएवढे किंवा त्याहून मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षे उष्णतेने हळूहळू आटत जातो. या कपॅसिटरचा एक जुना ठोकताळा आहे : तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणजे जळगावात पत्र्याच्या शेडखाली पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेला इन्व्हर्टर आणि महाबळेश्वरला व्हरांड्याच्या सावलीत टांगलेला इन्व्हर्टर, दोघांवर एकाच वर्षाचा शिक्का असला तरी दोघांचे उरलेले आयुष्य एक नसते. रत्नागिरी-मालवणकडच्या यंत्रात खारी हवा बोर्डावर हिरवट गंज चढवते. पंख्याच्या जाळीत धूळ दाटलेली असते, कधी आत पाल शिरून चिकटून मेलेली असते. कपॅसिटरचे डोके फुगले असेल तर निदान दिसते तरी. न फुगता आटलेला कपॅसिटर डोळ्यांना काही सांगत नाही.

एक तपासणी मात्र खरेच उपयोगी आहे. यंत्र पॅनेलला जोडता आले तर पडद्यावर त्याने आजवर बनवलेल्या एकूण युनिटचा आकडा मिळतो. महाराष्ट्रात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा. तीन किलोवॉटच्या यंत्राचे वर्षाला ४,३८० युनिट होतात. विकणारा ‘तीनच वर्षे वापरलाय’ म्हणत असेल आणि पडद्यावर २६,००० युनिट दिसत असतील, तर ते यंत्र सहा वर्षे राबलेले आहे. पण आकडा कमी दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. कंट्रोल बोर्ड बदलला की हा हिशेब अनेकदा शून्यापासून सुरू होतो.

यंत्र निरोगी निघाले तरी ते तुमच्या पॅनेलशी जुळेल का, हे उरतेच. दहा वर्षांपूर्वी २५० ते ३३० वॉटची पॅनेल असत, त्यांचा प्रवाह आठ-नऊ अँपिअर. त्या काळातले घरगुती इन्व्हर्टर दहा-अकरा अँपिअर पेलतील अशा बेताने बनवलेले. आजचे ५४० वॉटचे पॅनेल तेरा अँपिअर देते. जुन्या यंत्राला जोडले की भर दुपारची, सर्वांत मोलाची वीज ते पूर्ण घेऊच शकत नाही. व्होल्टेजचे उलट आहे : ते जास्त झाले तर वीज वाया जात नाही, यंत्रच जळते. अशी दहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये घेतली तर मोकळे व्होल्टेज ४९५ च्या आसपास होते. ५०० व्होल्टच्या मर्यादेच्या इन्व्हर्टरला चालेल, असे कागदावर वाटते. पण पॅनेल थंड झाले की व्होल्टेज चढते. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांवर उतरला की सूर्य उगवताच तीच स्ट्रिंग ५२० व्होल्टच्या पुढे जाते. मे महिन्यात जोडणी करणाऱ्याला हे आठवतही नाही.

सुरक्षेबद्दल मला तडजोड मान्य नाही. ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरने थांबलेच पाहिजे, कारण त्या वेळी खांबावर महावितरणचा वायरमन चढलेला असू शकतो. हे थांबणे आतल्या रिलेवर आणि सॉफ्टवेअरच्या चाचण्यांवर अवलंबून असते. रिलेचे संपर्क चिकटले असतील, किंवा कुणी दुरुस्तीत एखादी चाचणी बाजूला सारून ‘चालू’ करून दिले असेल, तर तुमच्या बचतीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाईल. डीसीच्या बाजूलाही तसेच. एसीची ठिणगी विझायला संधी असते, कारण प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. डीसी शून्यावर येत नाही; सैल जोडातली ठिणगी पेटतच राहते.

आणि ही बचत तरी केवढी? तीन किलोवॉटचा नवा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर साधारण २५ ते ३५ हजारांत मिळतो. अर्धी किंमत म्हणजे वाचले पंधरा हजार. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान आहे. त्यासाठी काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून करून घ्यावे लागते आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्या गळ्यात असते. तुम्ही कुठून तरी आणलेल्या यंत्राची जबाबदारी तो का घेईल? पंधरा हजार वाचवताना ७८ हजार धोक्यात घालणे हा हिशेब मला कुठल्याही बाजूने पटत नाही. त्यात कंपनीची हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच, मोबाइल अ‍ॅपवरची नोंद जुन्या मालकाच्या नावावर. काही वेळा तर कंपनीच मैदान सोडते. एबीबीसारख्या मोठ्या कंपनीने आपला सौर इन्व्हर्टरचा व्यवसाय २०२० मध्ये इटलीच्या फिमरकडे सोपवला.

कचऱ्याचा मुद्दा मात्र मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच म्हणतो की काटकसर योग्य जागी करा. अनुदान नको असेल, शेतावरच्या खोलीपुरती ग्रिडबाहेरची यंत्रणा उभारायची असेल, तर जुनी पॅनेल खुशाल घ्या. त्यात फिरणारे काही नाही, चांगल्या पॅनेलची क्षमता वर्षाला अर्धा-एक टक्का घटते, आणि उन्हात उभे करून मल्टीमीटरने व्होल्टेज आणि प्रवाह दहा मिनिटांत मोजता येतो. मागच्या स्टिकरवरच्या आकड्यांशी ताडून बघा. काच, कडा आणि जंक्शन बॉक्स तपासा. घरात धूळ खात पडलेला बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर त्याला वेगळा सोलर चार्ज कंट्रोलर जोडा. तो जुना डबा अजून कैक वर्षे दिवे-पंखे चालवेल. स्वतःचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बिघडला तर फेकू नका, आधी कंपनीच्या सेवा केंद्रात बोर्ड बदलून मिळतो का ते विचारा. भाऊ शहर बदलतोय आणि त्याची अख्खी यंत्रणा, पॅनेल-इन्व्हर्टर-कागदपत्रांसकट, तुम्हाला देतोय, तर गोष्ट वेगळी. ती जुळणी चालताना तुम्ही स्वतः पाहिलेली आहे.

जुन्या इन्व्हर्टरचा बाजार प्रामाणिक होऊ शकतो, पण त्याची किल्ली कंपन्यांच्या हातात आहे. प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकावर त्याचे बनवलेले युनिट, आलेले बिघाड, बदललेले बोर्ड यांची नोंद त्यांच्याकडे साठलेली असते. ती नोंद खरेदीदाराला बघू द्यावी, तपासणीचे शुल्क घेऊन सेवा केंद्राने दाखला द्यावा, आणि उरलेली हमी नव्या मालकाच्या नावावर करावी. एवढे झाले तर मी स्वतः जुना इन्व्हर्टर सुचवेन. तोवर जुन्यावर पंधरा हजार घालू नका. त्यात आणखी पंधरा घालून नवाच घ्या.