हिशेबाचे कलम



गिरीज हे वसईच्या बागायती पट्ट्यातले गाव. आपल्या कोरडवाहू कापूस-ज्वारीशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि ते पैशाचे आहे.

गिरीजच्या शेजारी, वसईला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. होळकरांकडून हरून पुणे सोडलेल्या पेशव्याला गादी परत हवी होती. त्यासाठी कंपनीची किमान ६,००० शिपायांची तैनाती फौज आली आणि तिच्या खर्चाला वर्षाकाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला गेला. गादी पेशव्याची, फौज कंपनीची, पैसा रयतेच्या शेतसाऱ्याचा!

पुढे हाच डाव वऱ्हाडात झाला. फौजेचा खर्च निजामाकडे थकला, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यात एक कलम बरे होते. दरसाल जमाखर्च दाखवायचा आणि खर्च वजा जाता उरेल ते निजामाला द्यायचे. १८६० च्या तहात शिल्लक देण्याची बोली राहिली, जमाखर्च दाखवण्याची अट मात्र गेली. मग खर्च किती करायचा ते इंग्रजांनीच ठरवायचे आणि किती उरले तेही त्यांनीच सांगायचे! १९०२ साली कर्झनने तेवढेही ठेवले नाही. वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले.

कोणी म्हणेल, इंग्रजांनी रेल्वे आणली. आणली. पण ज्याच्या काळ्या रानातून सारा निघत होता, तो कुणबी यातल्या एकाही तहात नाही. निजामाला कधीकाळी हिशेब मागता येत होता. कुणब्याला कधीच नाही.

आता तह नाहीत, कपात आहे. १९७२ ला सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत आपल्या चुकाऱ्यातून भांडवल निर्मिती निधी कापला जाई. त्याचा जमाखर्च आपल्यापैकी किती जणांनी पाहिला?

पैसा कोणी गोळा केला, हा प्रश्न दुसरा. हिशेब कोणाला द्यायचा, हा पहिला. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. बाजार समितीचा ताळेबंद मागा, दुष्काळ निधीचा जमाखर्च मागा. पुढच्या बैठकीला येताना नुसत्या तक्रारी आणू नका. काटापावती आणि हिशेबपट्टी घेऊन या.