ईम गावची विहीर, दगड आणि थडगी

मैत्रिणींनो, इंग्लंडातलं खेडं म्हटलं की बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र डोळ्यांपुढे येतं ना? दगडी घरं, दारात गुलाब, मागे चर्चचा मनोरा. डर्बीशायरमधलं ईम दिसायला थेट तसंच आहे. पण तिथे लोक पाहायला जातात ते एक विहीर, एक भोकं पाडलेला दगड आणि माळावरची सात थडगी.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच साथीत गेल्या. ईममध्ये प्लेग शिरला तो १६६५ साली. चर्चशेजारी राहणाऱ्या मेरी नावाच्या बाईच्या घरी एक शिंपी उतरला होता. त्याच्यासाठी लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. दमट होतं म्हणून विस्तवापुढे वाळत घातलं, असं सांगतात. अहो, पावसाळ्यात आपण तरी दुसरं काय करतो? कापडात पिसवा होत्या. सप्टेंबरात शिंपी गेला, पाठोपाठ मेरीचे दोन मुलगे. घर अजून उभं आहे. पिसवांचा दोष कळायला मात्र १८९८ उजाडलं. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी तो कराचीत दाखवून दिला.

जून १६६६ मध्ये तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला विनवलं, रोग बाहेर जाऊ नये म्हणून कुणी वेस ओलांडायची नाही. थॉमस स्टॅनली या आधीच्या पाद्र्यांना पदावरून काढलेलं होतं, तरी तेही पाठीशी उभे राहिले. माझ्या मते म्हणूनच गावानं ऐकलं. वेशीवरच्या दगडाच्या भोकांत व्हिनेगर भरायचं, त्यात नाणी टाकायची. शेजारच्या गावचे लोक जिन्नस ठेवून ती उचलून न्यायचे. डोंगरावरच्या झऱ्याच्या पाण्यातही पैसे असेच ठेवत. ती मॉम्पेसनची विहीर. प्रार्थनाही चर्चऐवजी उघड्यावर, एका घळीत. प्रत्येक कुटुंब वेगळं उभं. २०२० साली दुधाच्या पिशव्या साबणानं धुतलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नकोच!

मॉम्पेसननी आपली दोन मुलं मात्र गाव बंद होण्याआधीच यॉर्कशायरला पाठवली होती. आठवीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं पटकन विचारलं, "बाई, मग बाकीच्यांच्या मुलांचं काय?" प्रश्न रास्तच होता. ज्यांना दुसरीकडे आसरा नव्हता, त्यांची मुलं गावातच राहिली. मी तिला एवढंच म्हटलं, की पाद्र्यांची बायको कॅथरीन मुलांबरोबर जाऊ शकत होती, ती गेली नाही. तिशीही न गाठलेली ही बाई मुलांची पुन्हा गाठ न पडता ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. चर्चच्या आवारात तिची कबर आहे. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्या दिवसांची आठवण करतं.

गावात सुमारे २६० माणसं दगावली. नावं पाद्र्यांचीच जास्त घेतली जातात. मला मात्र राहून राहून आठवते ती एलिझाबेथ हॅनकॉक. गावापासून अर्ध्या मैलावर तिचं शेत. ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत तिची सहा मुलं आणि नवरा गेला. संसर्गाच्या भीतीनं मदतीला कुणी येईना. मृतदेहाला फडकं बांधून ती एकटीच ओढत न्यायची आणि खड्डाही स्वतःच खणायची, असं म्हणतात. पलीकडच्या टेकडीवरून लोक नुसते बघत होते. घरात स्वयंपाक कुणासाठी करायचा राहिला असेल, हे आपणच समजून घ्यावं.

तिथे आता गोल दगडी कुंपण आहे, आत सात थडगी. एलिझाबेथ मात्र वाचली. तिचा एक मुलगा शेफील्डला उमेदवारी करत होता. ती त्याच्याकडे निघून गेली.