आठ जार, एक माणूस

‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कापलेल्या बाटलीत लावलेला मनी प्लांट, फार तर पेन स्टँड. शाळेत ठीक होतं हो. पण कॉलेजला आल्यावरही इव्हेंटमध्ये तेच? त्यापेक्षा तराफा बांधा. पेन स्टँड बिघडला तरी कुणाला कळत नाही. तराफ्याचे मार्क मात्र पाणीच देतं, आणि ते ओळखीपाळखी बघत नाही.

सामान तुमच्या आसपासच आहे. वापरातून बाद झालेले पण न गळणारे २० लिटरचे पाण्याचे जार, मेसमधले तेलाचे कॅन, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, चार-सहा बांबू आणि सायकलची जुनी ट्यूब. ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ताणून बांधल्या की त्या बांबूला घट्ट धरतात. थर्माकोल नको, त्याचा चुरा पाण्यात पसरतो आणि मग तो कुणी वेचत बसत नाही.

आता गणित. एक लिटर रिकामी जागा पाण्याखाली गेली की साधारण एक किलो वजन उचलून धरते. म्हणजे २० लिटरचा जार २० किलो. तुमचं वजन ६० धरू. मग तीन जार पुरेत? इथेच सगळे फसतात. बांबू, दोऱ्या आणि जारचं स्वतःचं वजन मिळून २० किलो धरा. झाले ८०. चार जार लावले तर ते पूर्ण बुडतील, तराफा पाण्याच्या पातळीला टेकेल आणि तुम्ही जरा हललात की संपलं. निम्मे जार पाण्याबाहेर राहायला हवेत. म्हणून आठ. एका माणसासाठी आठ, तेही बसलेल्या. उभं राहायचं नाही.

झाकणं ही दुसरी भानगड. जारचं जुनं झाकण सैल असतं. बांधण्याआधी प्रत्येक जार बादलीत दाबून बघा, बुडबुडे आले की तो बाद. आणि बांधताना लक्षात ठेवा, जार खाली पडणार नाहीयेत, ते वर उसळणार आहेत आणि बाजूने निसटणार आहेत. गाठी त्या हिशोबाने मारा.

हे काही परदेशी फॅड नाही. अभ्यास आणि नोकरीची ‘सांगड’ आपण रोज घालतो. सांगड म्हणजे मुळात भोपळे किंवा होड्या एकत्र बांधून केलेलं तरंगतं साधन. आपल्या आजोबांच्या पिढीत कितीतरी जण पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. २०१० मध्ये ‘प्लास्टिकी’ नावाची नौका सुमारे साडेबारा हजार बाटल्यांच्या जोरावर सॅन फ्रान्सिस्कोहून सिडनीला पोचली, त्याचं कौतुक आहेच. पण भोपळा आधीचा.

मग एवढा आग्रह कशासाठी? ८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. पाणी घरात शिरलेल्या माणसाला ‘तू थांब’ कोण सांगणार? त्यांना दोष द्यायचा नाहीच. पण बोटीत किती जण बसतात हे काठावरच्या चार पोरांना तरी ठाऊक हवं ना? वर्गात आर्किमिडीज सगळ्यांनी पाठ केलेला असतो. ‘अजून एक बसेल की’ असं कुणी म्हटल्यावर मात्र तो आठवत नाही. ज्याने आठ जार स्वतः मोजून बांधलेत, त्याला आठवेल.

उलटा अर्थ काढू नका. हा तराफा पुरात न्यायचा नाही. नदीत नाही, धरणात नाही, रीलसाठी तर नाहीच नाही. वाहत्या पाण्यात असला जुगाड काही मिनिटांत सुटा होतो. स्विमिंग पूल किंवा उथळ शांत तळं, अंगात लाइफ जॅकेट, काठावर पट्टीचा पोहणारा. आधी माणूस नाही, वाळूची पोती चढवा.

टेक फेस्टला रोबोंच्या कुस्त्यांसाठी बजेट निघतं, त्यात एक दुपार याला द्यायला काय हरकत आहे? आर्ट्सवाल्यांनाही घ्या, गाठी त्यांच्याही चांगल्या बसतात. झाल्यावर तराफा सोडा, जार पुसून भंगारवाल्याकडे द्या. आणि पाण्यात असेपर्यंत बांबूवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘एकच माणूस. ६० किलो.’ मित्र चढायला येईलच. त्याला नाही म्हणा.